अब्बांची मोसंबी आणि लिंबाळी

जालन्याला पहिल्यांदा आलेला पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, "हे नवीन जालना नवीन आहे तरी कुठल्या बाजूने?" प्रश्न चुकीचा नाही. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुने जालना. तिथल्या पोलीस ठाण्याचे नावसुद्धा 'कदीम जालना'. दुसऱ्या काठाला आमचे नवीन जालना, म्हणजे कादराबाद, सदर बाजार, सराफा. यातल्या कित्येक गल्ल्या आमच्या पणजोबांच्याही आधीच्या. पूल ओलांडला की नवीन, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

"जालना, सोने का पालना" ही म्हण इथली म्हातारी माणसे अजून ऐकवतात. सोने व्यापारात होते आणि आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. सळयांच्या कारखान्यांनी दुसरी ओळख दिली. तिसरी ओळख मोसंबीची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पाळणा सोन्याचा खरा, पण त्यात पाण्याची नेहमीच ओढाताण. नवीन जालन्याला पाणी यायचे ते निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातून. पलीकडच्या जुन्या जालन्यात त्याच्याही फार आधी जमशेद खानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पाणी गावात खेळवले होते. आता जायकवाडीची जलवाहिनी आहे, तरी नळाला रोज पाणी येते असे नाही.

हे सगळे आधी सांगायचे कारण असे की आम्ही ज्या बागेबद्दल लिहिणार आहोत ती वजूच्या पाण्यावर उभी आहे. घरामागे बारा फूट बाय नऊ फुटांची मोकळी जागा. शहाबादी फरशीच्या चार लाद्या उचकटून केलेला मातीचा एक कोपरा, बाकी सगळ्या कुंड्या, तेलाचे कापलेले डबे आणि एक फुटका माठ. वजूच्या नळाखाली आम्ही टब ठेवतो. चार माणसांच्या पाच वेळच्या वजूत दोन-तीन बादल्या पाणी सहज जमते. त्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना ते निर्धास्त देता येते. दुष्काळातली ही सवय पाणी आल्यावरही आम्ही सोडली नाही.

तो दुष्काळ 2012-13चा. जालना जिल्ह्याने तो सोसला तसा फार थोड्यांनी सोसला असेल. घाणेवाडी तलाव आटला. टँकर आला की गल्लीत भांडणे व्हायची. बदनापूर तालुक्यातल्या आमच्या अडीच एकरांत अब्बांची मोसंबीची बाग होती, ऐन भरात आलेली. विहिरीने तळ दाखवला तेव्हा अब्बांनी आधी आंबिया बहार सोडून दिला, म्हणजे फळ गेले तरी चालेल पण झाडे जगू देत. मग टँकरचे पाणी विकत घेतले. मग अर्ध्या झाडांना पाणी द्यायचे आणि अर्धी सोडायची असे ठरवले. कोणती सोडायची हे ठरवायला त्यांना दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत ते घरात कोणाशी नीट बोलले नाहीत. शेवटी सगळीच वाळली. जिल्ह्यात त्या वर्षी कितीतरी बागा अशाच गेल्या. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना उभी सरपणे दिसायची.

अब्बा कायमचे आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आले ते 2014 मध्ये. सोबत एक पत्र्याची पेटी, जानमाज आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेले मोसंबीचे एक कलम. लाद्या त्यांनीच उचकटल्या. पाचव्या वर्षी त्या झाडाला फळ धरेल, असा त्यांचा हिशेब होता.

पाचव्या वर्षी, म्हणजे 2019च्या पावसाळ्यात, झाडावर फळाऐवजी पाखराची वीट दिसली. निदान आम्हाला तरी तसे वाटले. कोवळ्या पानांवर तपकिरी-पांढरे ओलसर ठिपके. आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. तिने काडीने ठिपका हलवला तर तो चालू लागला. पुन्हा डिवचला तर त्याच्या डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर आली आणि कुबट लिंबासारखा वास सुटला. ती किंचाळली आणि अब्बा धावत आले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "आले हरामखोर."

मोसंबीवाल्याला ही अळी ओळखायला चष्मा लागत नाही. लिंबू, मोसंबी, संत्रा, बेल, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडे, आणि त्यांची कोवळी पाने खाऊन वाढते ते हे फुलपाखरू. मराठीत त्याला लिंबाळी म्हणतात. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कडेला विटकरी लाल खूण. मादी उडत येते, पानावर पुढच्या पायांनी टकटक करून चव घेते. पायांनीच चव कळते तिला. झाड बरोबर असेल तर मोहरीएवढे पिवळट अंडे एकेका पानावर एकेक ठेवते आणि जाते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती विटेसारखी दिसते म्हणून पाखरे तिला चोच लावत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. मोठ्या बागेतल्या जुन्या झाडाचे ती फारसे बिघडवत नाही, पण रोपवाटिकेतल्या किंवा नव्या कलमाची पालवी आठवड्यात साफ करते. अब्बांनी आयुष्यभर तिच्यावर फवारणी केली होती. आमच्या अंगणात ते अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकू लागले.

धाकटीने दोन दिवस जेवण सोडले. तिच्या मते ती फुलपाखरे होती, अब्बांच्या मते चोर. आम्ही दोघे मध्ये. खरे सांगायचे तर आमचे मत अब्बांच्या बाजूने होते. ज्या माणसाची अडीच एकर बाग डोळ्यांदेखत वाळली त्याच्याकडे उरलेले एकच झाड अळीला खाऊ घाला, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तिसऱ्या दिवशी धाकटीने मदरशातून आणलेली गोष्ट ताटावर मांडली. मुसलमानाने झाड लावले आणि त्यातले माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिले जाते, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात किड्याचे नाव आहे का?" धाकटीला उत्तर आले नाही. मग अब्बाच म्हणाले, "सदका देणाऱ्याकडे आधी काहीतरी असावे लागते, बेटा. बँकेचे कर्ज डोक्यावर असताना मी फवारणी केली नसती तर तुझ्या बापाची फी कोणी भरली असती?" यावर आम्हालाही उत्तर आले नाही, आणि आजही नाही. फुलपाखरांवर प्रेम करणारी शहरातली माणसे कधीकधी शेतकऱ्याला खलनायक करून टाकतात. ते आम्हाला पटत नाही. दोन-चार कुंड्यांच्या बागेत दया करणे स्वस्त असते.

तोडगा अम्मींनी काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांचा कढीपत्ता होता, पुरुषभर उंच. "माझ्या झाडावर टाका त्यांना," त्या म्हणाल्या, "फोडणीला चार पाने कमी पडतील." त्या दिवसापासून अब्बा अळ्या वेचू लागले तसे त्या रॉकेलऐवजी कढीपत्त्यावर जाऊ लागल्या. जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा पानाखाली सरकवायचा, अळी त्यावर चढली की चालत खिडकीपर्यंत जायचे. "चला, तुमची बदली झाली," असे ते प्रत्येक अळीला म्हणत. सरकारी नोकरी न मिळालेल्या माणसाला बदलीचे आदेश काढण्याची हौस असावी, असे अम्मी म्हणायच्या.

कढीपत्ता एक पुरला नाही. आम्ही एका रोपवाटिकेतून दुसरा आणला, चकचकीत पानांचा, एकही भोक नसलेला. त्यावर सोडलेल्या सात अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. पानांवर औषध होते. दोष आमचाच, विचारलेच नव्हते. तेव्हापासून आमचा नियम असा की विकत आणलेले रोप भरपूर पाणी घालून, जुनी पाने गळून नवी फुटेपर्यंत बाजूला ठेवायचे. आणि निरोगी, भोके नसलेल्या पानांचे रोप शोधायचे नाही. पानाला भोक असणे म्हणजे तिथे कोणीतरी जगते आहे.

फुलपाखरांची बाग म्हटले की लोक फुले लावतात. आम्हीही लावली. गुलाब, मोठा भरगच्च झेंडू, बोगनवेल. रंग भरपूर, गिऱ्हाईक कोणी नाही. पाकळ्यांवर पाकळ्या असलेल्या फुलात मध असलाच तरी सोंडेला सापडत नाही. साध्या, एकेरी पाकळ्यांची झिनिया आणि कॉसमॉस, पेंटासचे झुबके, सदाफुली, यांवर मात्र उन्हे चढली की वर्दळ सुरू होते. फरशीच्या फटीत आपोआप उगवणारी एकदांडी आम्ही आधी उपटत होतो. छोट्या फुलपाखरांची ती चहाची टपरी आहे हे नंतर समजले. घाणेरीवर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे, पण ती रानात पसरून दुसरे काही उगवू देत नाही, म्हणून आम्ही ती लावली नाही. सब्जा तर आपल्या घरांतून असतोच. कब्रस्तानात नेण्यासाठी कापायचा, रमजानमध्ये बिया सरबतात घालायच्या. त्यातला एक वाफा फुलू दिला तर त्याच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या आणि नखाएवढी फुलपाखरे दिवसभर असतात.

फुले ही झाली खाणावळ. घर वेगळे. फुलपाखरू मध पिऊन निघून जाते. ते राहायचे, वाढायचे तर अळीचे झाड पाहिजे, आणि प्रत्येकीचे झाड ठरलेले. हे आम्हाला नीट उमगले ते ठाण्यात. बहिणीकडे गेलो असताना घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळा गावातली ओवळेकर वाडी पाहायला गेलो. राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या दोनेक एकर जमिनीवर ही बाग उभी केली आहे. जाळी नाही, पिंजरा नाही. झाडे लावली आणि फुलपाखरे आपणहून आली. फुलपाखरांवर आयुष्यभर काम करणारे आणि 2008 साली त्यावरचा जाडजूड ग्रंथ लिहिणारे आयझॅक किहीमकर हेच सांगत आले आहेत की आधी अळीला जेवू घाला. धाकटीने तिथे आपल्या राज्याचे फुलपाखरू पाहिले. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. हातभर वाटावे एवढे मोठे, काळे आणि फिकट निळे. त्याची अळीसुद्धा लिंबाच्या कुळावरच जगते हे ऐकून तिचे डोळे चमकले. पण परतीच्या गाडीत तिला समजवावे लागले की ते घाटाचे, पावसाचे पाखरू आहे. ठाण्यात पावसाचे चार महिने म्हणजे नुसते धो धो; आपल्याकडे वर्षाचे जेमतेम सातशे मिलिमीटर. आपल्या अंगणात आपलेच पाहुणे येणार.

आणि आपले पाहुणे थोडके नाहीत. कुंडलिकेच्या पात्राकडे जाणाऱ्या वाटेवर रुई माजलेली असते. तिचे एक रोप आम्ही फुटक्या माठात लावले. शेजारच्या खालांनी नाक मुरडले, "घरात रुई लावतात का कोणी? उजाड होते घर." दुसऱ्या महिन्यात त्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या, त्यांतून केशरी पंखांचे बिबळ्या कडवा निघाले, आणि खाला नातवाला घेऊन रोज दुपारी येऊ लागल्या. रुईचा चीक कडू आणि विषारी. तो खाऊन वाढलेले फुलपाखरूही कडू होते, म्हणून पाखरे त्याला सोडून देतात. याचा फायदा दुसरेच एक फुलपाखरू उठवते. त्याची मादी हुबेहूब या कडव्यासारखी दिसते, पण कडू मुळीच नाही; नुसता वेष. तिची अळी कुठे वाढते? घोळाच्या भाजीवर. मराठवाड्यात आपण डाळ घालून जी आंबूस घोळ खातो तीच. आता अम्मी कुंडीतली घोळ खुडताना दोन फांद्या मागे ठेवतात.

एरंडावर तपकिरी फुलपाखरू येते, बहावा किंवा टाकळ्यावर पिवळट-पांढरे, कण्हेरीवर काळे. या झाडांपैकी बहुतेकांना खत लागत नाही आणि पाणीही फार लागत नाही, हे आमच्यासारख्या गावात महत्त्वाचे. कोपऱ्यात एका पसरट थाळीत माती कालवून ओली ठेवतो. नर फुलपाखरे तिथे बसून चिखलातले क्षार शोषतात. वजूचे शेवटचे तांब्याभर पाणी त्या थाळीचे. एवढे मात्र सांगायला हवे की रुईचा चीक डोळ्यांत गेला तर आग होते आणि कण्हेरीचा सगळाच भाग विषारी असतो. रांगते मूल असेल त्या घराने ही दोन झाडे लावू नयेत. लिंबू आणि कढीपत्ता पुरे.

सगळ्या अळ्या फुलपाखरे होत नाहीत, हेही धाकटीला पाहावे लागले. सरडा खातो, मुंग्या ओढून नेतात, बारीक गांधीलमाश्या अळीत किंवा कोषात अंडी घालतात आणि महिनाभर वाट पाहिलेल्या कोषातून एके दिवशी फुलपाखराऐवजी माश्यांचा थवा बाहेर पडतो. पहिल्या वेळी ती रडली. अब्बा तिच्याजवळ बसून राहिले. काही बोलले नाहीत. नंतर कधीतरी त्यांनी तिला सांगितले की कुरआनात सूरह अल-कारिआमध्ये त्या दिवशीच्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा आहे, आणि तिथला 'फराश' हा शब्द अरबीत आज फुलपाखरालाही वापरतात. आपल्या घरी तितली वेगळी, दिव्यावर येणारा परवाना वेगळा. तिथे एकच नाव. धाकटी त्यानंतर रात्रीच्या दिव्याभोवतीचे पतंगही निरखू लागली, आणि आमच्या झोपेचे खोबरे झाले.

मोसंबीला पहिले फळ धरले ते 2021 मध्ये. नऊ फळे. अब्बांनी ती मोजली, शेजारी वाटली, एक स्वतः खाल्ले आणि म्हणाले, "बागेची चव नाही याला." तरी बी त्यांनी फेकले नाही.

2025चा रमजान मार्चमध्ये आला. महिना संपत आला तसा जालन्याचा पारा चढू लागला आणि आम्ही मागच्या दाराचा कूलर धुऊन काढायचे ठरवले. त्याच्या खसाच्या जाळीच्या कडेला लिंबाळीचा एक कोष होता. कढीपत्त्यावरून उतरून ती अळी तिथपर्यंत कधी चालत गेली कोण जाणे. कमरेला रेशमाचा एक धागा, शेपटीला दुसरा आधार, रंग जाळीसारखाच वाळका. कूलर लावायचा म्हणजे जाळी भिजणार, पंखा फिरणार. हलवला तर धागा तुटणार. धाकटी आता आठवीत, परीक्षेच्या तयारीत, ती म्हणाली, "राहू दे, काढून टाका, अब्बाजान रोज्यात आहेत." अब्बा तेव्हा शहात्तर वर्षांचे. असरनंतर ते मागच्या दारातच खुर्ची टाकून बसत, कारण घरात तेवढीच हवा.

"कूलर नको," ते म्हणाले.

पाच दिवस आम्ही छताच्या गरम पंख्याखाली इफ्तार केला. अम्मींनी दोनदा बोलून दाखवले, आम्ही एकदा. सहाव्या दिवशी सहर झाली, अब्बा मशिदीतून फजर पढून परतले आणि दारातूनच त्यांनी धाकटीला हाक मारली. कोष फुटला होता. त्याच्या टरफलाला धरून लिंबाळी लटकत होती, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. ते हळूहळू ताणले गेले. ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरेपर्यंत तासभर गेला. मग ती मोसंबीच्या शेंड्यावर जाऊन बसली, दोनदा पंख उघडले, मिटले, आणि भिंतीवरून नदीच्या बाजूला गेली.

अब्बांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि खुर्ची बाजूला सरकवली. म्हणाले, "आता जाळी धुवा."